छपराला ठोकलेली खूण

जमिनीला वरची आणि खालची अशा दोन बाजू असतात, आणि दोन्ही मोजणारा एकच माणूस मिळाला तर राज्यकारभार सोपा होतो. या जाणिवेतून १९५५ साली आमच्या संयुक्त भूमी-भूगर्भ मोजणी कचेरीने कोळशाच्या खाणीतले सर्व्हेअर रंगराव यांना चिखलीला धाडले. येऊ घातलेल्या कारखान्याची हद्द आखायची, एवढेच काम. (रंगरावांचा जमिनीखालचा अनुभव: बारा वर्षे. उन्हाचा: रजेपुरता.)

खाणीत तळाच्या खुणा गाड्यांखाली जातात. म्हणून छताला खिळा ठोकायचा, त्याला ओळंबा सोडायचा आणि मोजायचे. ही शिस्त रंगरावांनी चिखलीतही मोडली नाही, याचे कौतुक करावे तेवढे थोडे. अडचण एकच होती, माळाला छत नव्हते. तेव्हा जिथे छप्पर, तिथे खिळा. माळ दोनशे एकर, खिळे शून्य. घरे अकरा, खिळे अकरा. ते जोडल्यावर कारखाना बरोबर वस्तीवर बसला.

सातवा खिळा शालनबाईंच्या घरात होता. बाई एकट्या राहत. त्यांनी त्या खिळ्याला दह्याचे शिंके टांगले आणि विचारले, "सायेब, येवढा माळ मोकळा पडलाय, त्यो का न्हाई मोजत?"

"बाई, माळाला छप्पर कुठे आहे?"

"आन् माझ्या घराला हाय, म्हून माझं घर जानार व्हय?"

"पद्धत तशी आहे," रंगराव कष्टी होऊन म्हणाले. (माणूस वाईट नव्हता.)

दुसऱ्या दिवशी शालनबाईंनी स्वतःच्या हातांनी कौले उतरवली, वासे काढले आणि खिळा आणून कचेरीच्या टेबलावर ठेवला. छप्पर नाही, तर खूण नाही. मी तिथला कारकून. पण खरे सांगतो, मला त्या बाईचा अभिमान वाटला. शनिवारपर्यंत उरलेली दहा छपरेही उतरली.

मात्र हद्द नकाशावर शाईने आखलेली होती, आणि खिळा उपटता येतो तशी शाई उपटता येत नाही. फेरतपासणीत छपरे शून्य भरली. म्हणून घरे शून्य. म्हणून माणसे शून्य. शेरा पडला: 'जागा मोकळी. उठवण्यास कोणी नाही.' अक्षर माझे आहे. वळणदार आहे.

शालनबाई आता माळावर राहतात. रंगरावांना बढती मिळाली असून पुढच्या भागाची मोजणी चालू आहे. आपण हे घरात बसून वाचत असाल, तर जरा वर पाहावे. खिळा दिसला, तर आपले घर हद्दीत आहे. नाही दिसला, तर आपली जागा मोकळी आहे.