चाळीस टक्के सही

पेंटरांनी अर्ज खिडकीतून आत सरकवला आणि खिडकीतल्या बाईंनी तो तितक्याच तत्परतेने परत बाहेर सरकवला.

"सही जुळत नाही."

"कुणाशी?"

"तुमच्याशी."

पेंटरांनी मागे वळून बायकोकडे पाहिलं. ती बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. 'बोला की,' असं तिने डोळ्यांनीच सांगितलं. पण अशा वेळी काय बोलायचं असतं, हे पेंटरांना साठ वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

त्यांना सगळे पेंटरच म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. खडूची दोरी ताणून भिंतीवर रेघ मारायची आणि तिच्यावर अक्षरं अशी बसवायची, की रस्त्याच्या पलीकडून जाणाऱ्यालाही दुकानात काही घ्यायचं नसताना शिरावंसं वाटावं. दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर नाव रंगवताना, लांबून कसं दिसतंय ते बघायला ते एक पाऊल मागे सरकले. सवयच ती! पण ते उभे होते दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, बांबूंना बांधलेल्या फळीवर, आणि फळी तेवढ्यातच संपत होती. दवाखान्याच्या दारातच पडल्यामुळे फार लांब न्यावं लागलं नाही, एवढीच काय ती सोय झाली. उजवा खांदा मात्र कायमचा गेला. हात खाली लोंबायचा, वर म्हणून उचलायचा नाही.

सरकारने त्यांना साठ टक्के अपंग ठरवून भत्ता चालू केला. हा भत्ता चोवीस महिने घेतला की सरकारी आरोग्य कार्ड मिळतं, असा नियम होता. चोवीस महिनेच का, हे कुणाला माहीत नव्हतं. तेवढ्यात माणूस आपला आपण बरा होतो का, ते बघत असावेत. पेंटर काही बरे झाले नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, "खांद्यातला तुटलेला स्नायू अजून शिवता येईल. हात पुन्हा वर जाईल. पण आणखी उशीर केलात तर शिवायला काही उरणार नाही." ऑपरेशनची तारीख पडली पुढच्या महिन्याची वीस. त्याआधी कार्ड हातात हवं, नाहीतर खाट दुसऱ्याला. असं सगळं गणित त्या एका कार्डावर येऊन थांबलं होतं.

आणि बाई म्हणत होत्या, सही जुळत नाही.

"अहो बाई, मी डाव्या हाताने केलीय ती," पेंटर म्हणाले. "उजवा चालत नाही, म्हणून तर आलोय."

"ते बरोबर आहे हो, काका." बाईंनी फायलीतून एक पिवळा पडलेला कागद काढला. "पण नमुना हा आहे. ओळखपत्राच्या वेळी तुम्ही दिलेला. तीस वर्षांपूर्वीचा. याच्याशी जुळली पाहिजे."

"मग अंगठा घ्या. भत्त्याच्या वेळी घेतला होता की."

"तेव्हा तुमचा हात प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर असेपर्यंतच अंगठा चालतो. ज्याला लिहिता येतं त्याचा अंगठा घेतला तर माझी नोकरी जाईल." बाई काही खडूस नव्हत्या. त्यांनी नमुन्याची झेरॉक्ससुद्धा काढून दिली. "घरी थोडा सराव करा. जमेल तुम्हाला."

हा सल्ला दुसऱ्या कुणाला दिला असता तर काही बिघडलं नसतं.

पेंटरांनी घरी येऊन झेरॉक्स जेवणाच्या टेबलावर चिकटपट्टीने लावली, चष्मा पुसला आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूंवर सुरुवात केली. सही म्हणजे लिहिणं, असं सामान्य माणसाला वाटतं. पेंटरांच्या लेखी अक्षर ही काढायची गोष्ट. डावा का असेना, हात आहे ना? त्यांनी आधी पेन्सिलीने चौकटी आखल्या. मग पहिल्या अक्षराचा मोठा वळसा घेतला, शेवटच्या अक्षराची शेपटी घेतली, खालची आडवी रेघ घेतली, तिच्याखालचे दोन ठिपके घेतले. चार दिवस टेबलावर जेवायला जागा नव्हती. बायको ताट मांडीवर घेऊन जेवली.

"स्वतःचीच खोटी सही शिकणारा माणूस पहिल्यांदाच बघतेय मी," ती म्हणाली.

"खोटी कशी? माझीच आहे!"

"मग एवढा घाम का येतोय?"

चौथ्या दिवशी सही साधली. साधली म्हणजे किती? तीस वर्षांपूर्वी नमुना देताना पेन मध्येच अडकलं होतं आणि तिसऱ्या अक्षराच्या पोटात शाईचा बारीक थेंब सांडला होता. पेंटरांनी तो थेंबही काढला. त्याच जागी, तेवढाच, उजवीकडे किंचित ओघळलेला. मूळ आहे तसं उतरवायचं, त्यात आपलं शहाणपण घालायचं नाही, ही धंद्याची शिस्त. एका सहीला पंधरा मिनिटं लागत होती, पण झाल्यावर ती अशी दिसे, जणू एका फुंकरीत झालीय.

दुसऱ्या खेपेला खिडकीत पोचायच्या आधीच त्यांनी बाकावर बसून सही उरकून घेतली. बाईंनी ती भिंगाखाली धरली, नमुना शेजारी धरला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क कौतुक पसरलं.

"काका! अगदी तंतोतंत!"

"थेंब बघितलात?" पेंटरांना राहवलं नाही.

"बघितला तर! कमाल आहे." बाईंनी शिक्का मारला. घरी जाताना पेंटर शीळ वाजवत होते, आणि बायकोने त्यांना अडवलंही नाही.

आठ तारखेला पत्र आलं. बायकोने ते उभ्याउभ्या वाचलं आणि मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचलं. अर्जदाराची सही अपघातापूर्वीच्या सहीशी तंतोतंत जुळत असल्याने अर्जदाराचा उजवा हात पूर्ववत झाल्याचे दिसून येते. सबब भत्ता चौकशी होईपर्यंत थांबवण्यात येत आहे. भत्ता थांबल्यामुळे आरोग्य कार्डाची पात्रता उरत नाही. चौदा तारखेला साहेबांसमोर हजर राहावे.

"वीस तारखेला ऑपरेशन," बायको म्हणाली. "अहो, थोडी कमी चांगली केली असती तर काय बिघडलं असतं?"

पेंटरांनी पत्र तिच्या हातातून घेऊन तारखा पुन्हा वाचल्या. तरी ते म्हणाले, "कमी चांगली म्हणजे कशी?"

साहेब निवांत स्वभावाचे होते. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं, खिडकीतल्या बाईंना फाईल घेऊन बोलावलं. सगळी हकिकत ऐकून घेतली आणि कोरा कागद पुढे केला.

"डाव्या हाताने केलीत म्हणता? करून दाखवा."

पेंटरांनी खुर्ची पुढे ओढली. खोलीत पंखा फिरत होता. पहिली पाच मिनिटं साहेबांनी पाहिलं, मग त्यांनी दोन फोन केले, एका पत्रावर सही केली, त्यांची स्वतःची सही अर्ध्या सेकंदात होत होती, आणि मग पुन्हा पाहू लागले. शेवटी पेंटरांनी थेंब काढला आणि कागद फिरवून पुढे केला.

"सुरेख," साहेब म्हणाले. "खरंच सुरेख. पण आता वेगळीच पंचाईत झाली. तुमचा डावा हात उजव्यापेक्षा सरस दिसतोय. मग तुम्ही कामाला नालायक कसे? भत्ता तर काम करता येत नाही म्हणून असतो."

"साहेब, सहीला पंधरा मिनिटं लागतात! 'येथे दूध मिळेल' लिहीपर्यंत दूध नासेल की!" पेंटर कळवळून म्हणाले. "आणि फळीवर चढायला दोन हात लागतात. एकाने ब्रश धरायचा, दुसऱ्याने जीव."

बाई तोंडावर घ्यायला पदर नसल्यामुळे फायलीआड हसल्या. साहेबही हसले, पण लगेच गंभीर झाले. ते मनातून पेंटरांच्याच बाजूचे होते, फक्त कागद त्यांच्या बाजूला नव्हता.

"हे बघा, मला फायलीत अशी सही पाहिजे, जी तुमची आहे हेही दिसेल आणि हात बरा नाही हेही दिसेल. थोडी जुळणारी, थोडी न जुळणारी." त्यांनी प्रमाणपत्र पाहिलं. "अपंगत्व साठ टक्के. म्हणजे सही साधारण चाळीस टक्के जुळायला हवी."

"करतील ते," बायको घाईघाईने म्हणाली. "करा हो पटकन! वाकडीतिकडी करायला काय लागतं?"

वाकडीतिकडी! ज्या माणसाने चाळीस वर्षं रेघेखाली उतरलेलं एक अक्षर खपवून घेतलं नाही, गिऱ्हाइकाने "चालेल हो" म्हटल्यावरही रात्रभर बेचैन होऊन सकाळी पाटी पुसून पुन्हा लिहिली, त्याने सही वाकडी करायची होती. पेंटरांनी मनाचा हिय्या केला. वळसा मुद्दाम तुटका घेतला, तर तो असा डौलदार तुटला, की नवीन धर्तीचं अक्षर वाटावं. शेपटी थरथरत काढली, तर ती लाटेसारखी एकसारखी थरथरली. दुसरा कागद. तिसरा. रेघ तिरकी मारली तर सगळी सहीच त्या तिरकेपणाला शोभेल अशी झुकली.

"ही तर आधीपेक्षा चांगली झाली," बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही कौतुक करू नका हो!" बायको काकुळतीला आली. चौथा कागद बाजूला झाला. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. पेंटरांच्या कपाळावर घाम आला होता आणि डोळ्यांसमोर त्या खाटेवर दुसरंच कुणीतरी पांघरूण घेऊन झोपलेलं दिसत होतं.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "उजव्याने करा."

पेंटरांनी पेन खाली ठेवलं. दोन वर्षांत त्यांनी उजव्या हातात पेन धरलं नव्हतं. घरात एकटे असतानासुद्धा नाही. कारण एकदा बघितलं की कळलं असतं, आणि ते त्यांना नको होतं.

बायको उठली. तिने त्यांचा हात कोपरापाशी धरून उचलला आणि टेबलावर ठेवला, बोटांत पेन दिलं. पेंटरांनी वळसा घ्यायला सुरुवात केली, तो अर्ध्यात खाली घसरला. दुसरं अक्षर पहिल्यावर चढलं. आडवी रेघ कागद सोडून टेबलावर गेली. ठिपक्यांपर्यंत हात पोचलाच नाही. एवढ्याशा कामाने त्यांना धाप लागली. ते त्या कागदाकडे बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. या हाताने त्यांनी निम्म्या शहराची दुकानं ओळखीची केली होती.

मग साहेबांनी कागद अलगद ओढून घेतला. "बाई?"

बाईंनी भिंग लावलं. "वळशाची सुरुवात जुळते, साहेब. बाकी नाही."

"चाळीस टक्के?"

"चाळीस धरू या."

साहेबांनी शिक्का मारला. "भत्ता चालू, कार्ड मंजूर. आणि यापुढे फायलीत नमुना म्हणून हीच सही. पुन्हा जुन्या नमुन्याची भानगड नको."

बायकोने हात जोडले. पेंटर मात्र जागचे हलले नाहीत. "साहेब," ते म्हणाले, "तेवढा कागद परत देता? दुसरा करतो. असली घाण सही माझ्या नावावर कायमची..."

"चला तुम्ही!" बायकोने त्यांना चांगल्या दंडाला धरून दाराबाहेर काढलं.

वीस तारखेला ऑपरेशन झालं, आणि चांगलं झालं. सहा महिने व्यायाम चालला. आधी हात टेबलापर्यंत आला, मग खांद्यापर्यंत, आणि एके दिवशी पेंटरांनी फळीवरचा डबा उजव्या हाताने काढला तेव्हा बायको स्वयंपाक सोडून नुसती बघत उभी राहिली. त्यानंतर चौथ्या दिवशी समोरच्या शिंप्याची पाटी त्यांनी त्याच हाताने रंगवली, जमिनीवर उभं राहून. सगळं ठीक होतं, पण त्यांना चैन नव्हतं. त्या फायलीत ती सही पडून होती. उद्या कुणी उघडून बघितली तर म्हणेल, हाच का तो पेंटर?

"मी कार्ड परत करून येतो," ते एका सकाळी म्हणाले. "हात बरा झालाय. आता भत्ता घेणं बरं नाही. आणि नवीन सही देऊन टाकतो."

"सहीसाठी चाललात तुम्ही," बायको म्हणाली. "मला शिकवू नका. अजून व्यायाम चालू आहे, डॉक्टर चालू आहेत." पण तीही पिशवी घेऊन मागोमाग निघाली.

खिडकीत त्याच बाई होत्या. कार्ड परत करायला आलेला माणूस त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच पाहिला असावा. त्यांनी बराच वेळ शोधून एक फॉर्म काढला. पेंटरांनी बाही मागे सारली आणि उजव्या हाताने, एका दमात, झोकात सही केली. वळसा, शेपटी, रेघ, दोन ठिपके. अपघातापूर्वीसारखी. त्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी फॉर्म लांब धरून पाहिला, मागे भिंत आहे ना याची खात्री करून.

बाईंनी फाईल उघडली, भिंग लावलं, आणि मान हलवली.

"सही जुळत नाही."

"कुणाशी?"

"नमुन्याशी. नमुना हा आहे." ती वाकडी सही काचेपलीकडून पेंटरांकडे बघत होती. "कार्ड बंद करायला अर्जदाराची सही लागते, काका. ही त्यांची नाही."

"अहो, मीच आहे तो! तुमच्यासमोर केली होती!"

"मला माहीत आहे हो. पण माझं माहीत असणं फायलीत लावता येत नाही." बाईंनी दुसरा फॉर्म पुढे केला. "एकदा तशी वाकडी करून द्या, लगेच बंद करते."

पेंटरांनी प्रयत्न केला. सात फॉर्म झाले. मागची रांग दाराबाहेर गेली. शेवटी बाईच म्हणाल्या, "राहू द्या. दोन वर्षांनी डॉक्टर तपासायला येतील, तेव्हा बघू."

पेंटर बाकाशी परत आले. बायकोने वर पाहिलं. "झालं बंद?"

"मी मी नाही म्हणतात."

तिने त्यांच्या हातातलं कार्ड घेतलं, पुसलं आणि पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन लावली. "तुम्ही तुम्हीच आहात, मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण ते त्या खिडकीत पुन्हा सांगायला जाऊ नका. चला, बारा वाजता तुमचा व्यायाम आहे."