विमानवाले गफ्फारचाचा

रोज सकाळी सात वाजता गफ्फारचाचा गच्चीवर येत, उजव्या हाताचं बोट तोंडात घालून ओलं करत, ते वर धरत आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल देत. "आज उडता येते." नाहीतर, "आज नाई बाप्पा, आडवा वारा हाय."

उडणारं कोणीच नव्हतं. अमरावतीतल्या आमच्या त्या गल्लीतून सर्वात उंच जाणारी वस्तू म्हणजे संक्रांतीचा पतंग. पण चाचांच्या निकालावर बायका कुरड्या वाळत घालायच्या की नाही ते ठरवत, आणि माझे यजमान स्कूटर काढताना कानटोपी घेत किंवा ठेवून देत. रेडिओवरचा अंदाज चुके, चाचांचा क्वचितच.

चाचा विमानाचे मिस्त्री होते. कपाशीवर विमानातून औषध फवारायचे ते दिवस. नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला एका कंपनीची मातीची धावपट्टी होती, पत्र्याची शेड होती आणि दोन मजली पंखांचं एक विमान होतं. आत लाकडी सांगाडा, वरून ताणून बसवलेलं कापड. बसायला एकच जागा, वैमानिकाची, बाकी पोटात औषधाची टाकी. चाचांनी पंचवीस वर्षं त्या विमानाची निगा राखली. मग कपाशीचे दिवस फिरले, कंपनी गेली, आणि लिलावात ती शेड दिनकरभाऊ यावल्यांनी घेतली. त्यांना सोयाबीनची पोती ठेवायला जागा हवी होती. विमान शेडबरोबर आलं, भाड्याच्या घराबरोबर मांजर यावं तसं.

तेव्हापासून दर रविवारी चाचा पहिल्या एसटीनं नांदगावला जात. पोती बाजूला सरकवून विमान बाहेर ढकलायचं, पुढचा पंखा हातानं फिरवायचा, इंजिन वीस मिनिटं चालवायचं, पुसायचं, आत ढकलायचं. मी एकदा त्यांच्यासोबत गेले होते. इंजिन सुरू झालं आणि शेडमधला सगळा भुसा उडून दिनकरभाऊंच्या वरणात पडला. दिनकरभाऊंनी शांतपणे ताटावर पेपर झाकला. त्यांना सवय होती.

"चालू कंडिशन" हे चाचांचे लाडके शब्द. कसे आहात विचारलं की म्हणत, "चालू कंडिशन." माझ्या चुलतसासऱ्यांबद्दल, म्हातारे ब्याण्णव वर्षांचे होते, तेच म्हणत. आणि जे चालू नाही ते त्यांना सहन होत नसे. आमच्या काचेच्या कपाटात लग्नातला कपबशांचा सेट होता. तो मी चौदा वर्षं पाहुण्यांसाठी जपला होता, आणि त्याच्या लायकीचे पाहुणे काही आले नव्हते. चाचा पहिल्यांदा घरी आले आणि म्हणाले, चहा घेईन तर त्या कपातून. मी हसून वेळ मारून नेली. ते चहा न घेता बसून राहिले. पुढच्या वेळीही तेच. तिसऱ्या खेपेला मी कप काढला. आता त्या सेटातले चारच उरलेत आणि ते रोज वापरात आहेत.

मी शिकवते त्या शाळेत कपाटात बंद असलेली बाजाची पेटी त्यांनीच उघडायला लावली. भात्याला कातडं लावलं, सूर जुळवले, आणि मुख्याध्यापकांना बजावलं की ही आठवड्यातून एकदा वाजली पाहिजे. कोणाला वाजवता येत नाही, असं मुख्याध्यापक म्हणाले. बेसूर वाजवा, चाचा म्हणाले, पण वाजवा.

चाची गेल्यावर ते एकटेच राहत. अकोल्याला दिलेली मुलगी दर शुक्रवारी फोन करून आमच्याकडे या म्हणे. ते म्हणत, येतो, पण अकोल्याहून नांदगावले रविवारची गाडी सोयीची नाही. वाद तिथेच संपे.

ती वर्षं आमच्याकडे वाईट होती. पेपर उघडला की पहिल्या पानावर आपल्याच बाजूच्या एखाद्या गावाचं आणि तिथल्या शेतकऱ्याचं नाव असे, आणि ते कशासाठी असणार हे न वाचताही कळे. अशा दिवसांत एक म्हातारा माणूस विमान पुसायला जातो, याचं गल्लीला काय सुख वाटे सांगता येत नाही. सोमवारी लोक आवर्जून विचारत, विमान कसं आहे. चाचाही घरच्या माणसाची खुशाली सांगावी तशी सांगत.

मग एका दिवाळीनंतर एका इंजिनियरिंग कॉलेजचे प्राचार्य दिनकरभाऊंकडे आले. अशी विमानं आता कुठेच राहिली नाहीत, म्हणाले. आम्हाला द्या, फाटकाशी चौथरा बांधून त्यावर बसवू, रंग देऊ, रात्री दिवे लावू. वजन कमी व्हावं म्हणून इंजिन तेवढं काढून घेऊ. दिनकरभाऊंना तुरीसाठी जागा हवीच होती, पण त्यांनी चाचांना विचारल्याशिवाय हो म्हटलं नाही. चाचांनी प्राचार्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या कालेजात पोरं शिकतात का चौथऱ्यावर उभी असतात?"

हे नागपूरला कळलं. तिथे कॅप्टन वानखडे राहत, त्या विमानाचे जुने वैमानिक. त्र्याहत्तर वर्षांचे, ताठ, एकटे. ते दुसऱ्याच दिवशी हजर झाले. विमान चौथऱ्यावर जाण्याआधी मी ते एकदा उडवणार, त्यांनी जाहीर केलं. नांदगावहून उठायचं, एक फेरी मारायची, उतरायचं. विमान उडण्यासाठीच केलेलं असतं. प्राचार्य हादरले. एकुलतं एक उरलंय, म्हणाले, पडलं तर काय दाखवायचं पुढच्या लोकांना? कॅप्टन म्हणाले, न उडणारं विमान दाखवण्यापेक्षा उडालेलं विमान आठवू द्या. दोघांचंही मला पटत होतं, आणि शिक्षिकेला हे शोभत नाही.

गल्लीत मात्र कोणाला शंका नव्हती. चाचा कुणाच्या बाजूचे हे काय विचारायचं? पण चाचांनी पंधरा दिवस मागितले. रोज नांदगावला जाऊ लागले. पंखांचं कापड जागोजागी उसवून आतलं लाकूड बघत, स्टीलच्या चमच्यानं ठोकून कान लावत, अंगठ्यानं दाबत, पुन्हा शिवत. अंधार पडल्यावर घरी येत. त्या पंधरा दिवसांत सकाळी ते गच्चीवर आले नाहीत. बायकांचं वाळवण अवकाळी पावसात दोनदा भिजलं.

ठरलेल्या रविवारी धावपट्टीवर बरीच माणसं जमली. हवा स्वच्छ होती. कॅप्टन जुनं कातडी जाकीट घालून आत बसले. चाचांनी पंखा फिरवला, इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं, आणि मी त्या यंत्राचा इतका गोड आवाज पुन्हा कधी ऐकला नाही. चाचा बराच वेळ ऐकत उभे राहिले. मग त्यांनी हातानं खूण केली, बंद करा.

कॅप्टननी इंजिन बंद करून काय झालं म्हणून विचारलं.

"इंजिन चालू कंडिशन हाय, सायेब. पंख नाई. उजव्या पंखात मोठ्या लाकडाले चीर हाय."

"कुठे? दाखव."

"लय आत हाय. दिसत नाई. चमच्यानं कळते."

कॅप्टन चिडले. या विमानात बसून आपला अर्धा जन्म गेला, एक फेरी सहज झेपेल, आणि समजा नाही झेपली तरी या वयात आपल्याला कसली भीती, असं बरंच बोलले. 

"तुमाले नसंन," चाचा शेवटी म्हणाले. "मले हाय. तुमी पंचवीस वर्षं वर जात होते आन मी पंचवीस वर्षं खाली उभा राह्यत होतो. तुमी परत येईपर्यंत खाली उभं राहणं काय असते, हे तुमाले नाई माहीत, सायेब."

 कॅप्टननी पट्टा सोडला. मग खाली उतरले, जाकीट काढून पंखावर ठेवलं आणि म्हणाले, "गफ्फार, बस आत."

चाचा नाही नाही म्हणत होते. ती जागा त्यांनी हजारदा पुसली होती, पण विमान चालवायला तिथे ते कधी बसले नव्हते. कॅप्टननी त्यांना दंडाला धरून चढवलं, पट्टा बांधला, पंखा स्वतः फिरवला. आणि विमान जमिनीवरूनच, बैलगाडीच्या चालीनं, धावपट्टीच्या त्या टोकापर्यंत गेलं आणि परत आलं. पंखाचं टोक धरून बाजूनं कॅप्टन चालत होते. चाचा आत इतके ताठ बसले होते की फोटो काढायला बसलेत असं वाटावं.

परत आल्यावर कॅप्टननीच प्राचार्यांना सांगितलं, घेऊन जा. पण चौथरा नाही, छप्पर हवं. इंजिन आतच राहील, दर रविवारी चालेल, आणि ते कसं चालवायचं हे गफ्फार तुमच्या विद्यार्थ्यांना शिकवेल. प्राचार्यांनी हे एका दमात मान्य केलं. त्यांनी याहून वाईटाची तयारी ठेवली होती. दिनकरभाऊंनी सगळ्यांना भजी खाऊ घातली.

संध्याकाळच्या एसटीत चाचा खिडकीशी बसले. खूश होते. कॉलेज आता घरापासून सायकलच्या अंतरावर, म्हणजे अकोल्याच्या मुलीला सांगायला त्यांना नवं कारण शोधावं लागणार होतं. मी म्हटलं, बरं झालं ती चीर वेळेवर सापडली.

त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली.

"सापडली नाई, ताई. पंधरा दिवस शोधली. लाकूड आजबी नव्यासारखं हाय."

 यंत्राबद्दल हा माणूस खोटं बोलेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मग चीर आहे असं का सांगितलंत, मी विचारलं.

"सारे मले चाचा म्हणतात, मिस्त्री म्हणतात," ते हळू म्हणाले. "नुसतं गफ्फार म्हणणारा आता तेवढा एकच मानूस उरला."

बडनेऱ्याचे दिवे दिसायला लागले होते. चाचांनी मान मागे टेकली आणि उतरेपर्यंत छान झोप काढली.