पुढच्या रांगेतले आजोबा

कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या माणसांना "बसून घ्या मंडळी, बसून घ्या" असं सांगणारा एकच माणूस मी पाहिला. भोरचे दस्तगीरभाई. आमचे शेजारी. धंदा मंडप आणि खुर्च्यांचा. लग्न सारोळ्याला असो की भाटघरला, शेवटचा पाहुणा उठेपर्यंत भाई स्वतः खुर्चीला टेकत नसत.

मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हा त्याचा कॉम्प्युटर आणि गेमची एक सीडी घरी राहिली. गेम इंग्रजी. एक तरुण स्टेजवर उभा राहून विनोद सांगतो. आपण माउसनं वस्तू उचलायच्या, वापरायच्या आणि त्याला हशा मिळवून द्यायचा. अडचण एकच. पुढच्या रांगेतला म्हातारा प्रत्येक विनोदावर खेकसतो आणि सगळं सभागृह गप्प बसतं.

भाई तिथं पावसाळाभर अडकले. आजोबांना पाणी देऊन झालं, चहा देऊन झाला, पंखा त्यांच्याकडे वळवून झाला. आजोबा खेकसतच होते.

शेवटी मुलानं फोनवर उत्तर सांगितलं, "अब्बा, खुर्ची ओढा. म्हातारा पडतो, लोक हसतात, गेम संपतो."

"म्या खुर्च्या देणारा माणूस," भाई कडाडले. "बसलेल्याची काढू व्हय?"

"मग त्या पोराचं काय?" भाईंच्या बायको शाहिदाभाभी म्हणाल्या. "रोज तोंड पाडून उतरतंय खाली."

पोराला एकदा तरी हशा मिळावा, ही तळमळ भाईंनाच सर्वांत जास्त होती.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. भाई हातपाय धुवायला गेले आणि भाभींनी माउस धरून खुर्ची ओढली. टाळ्यांचा कडकडाट ऐकून भाई ओल्या हातांनी धावत आले.

"आजोबास्नी लागलं का?"

"अवो, चित्र हाय ते!"

भाईंनी माउस घेऊन पडलेल्या आजोबांवर पुन्हा पुन्हा क्लिक केलं. त्यांना उठवायची सोय गेममध्ये नव्हती. मग त्यांनी गेम मागच्या जागेवरून सुरू केला. आजोबा खुर्चीत आले. तरुणानं विनोद सांगितला, आजोबा खेकसले, सभागृह गप्प.

तेवढ्यात भाई हसले. घर दणाणलं.

"इंग्रजी कळाया लागलं जणू!" भाभी म्हणाल्या.

"न्हाई. पोरगं परक्या गावात एकटं उबं हाय. घरच्यांनी तरी हसावं."

भाभी स्टूल ओढून शेजारी बसल्या. पुढच्या विनोदाला त्या भाईंच्या आधी हसल्या.