लाल झालं की उचला

भाविकाने पहिल्याच सभेत सांगून टाकलं, की यापुढे कुणी डोकं चालवायचं नाही. ते काम मोबाइल करेल! तारापूरच्या किनाऱ्यावर सुकी मासळी विकणाऱ्या कोळणींच्या मंडळाची ती नवी व्यवस्थापक. रसायनशास्त्रात एम.एस्सी., पण नेमणूक कच्ची. बोईसरच्या प्रदीपशेठची बोंबलांची मोठी ऑर्डर नीट गेली, तरच पक्की.

आजवर मंडळाचा कारभार सगळ्यांत जुन्या कोळणीच्या, हिरामावशीच्या आवाजावर चाले. बाजार रोज बदलतो, नुसत्या आवाजाने भागणार नाही, असं म्हणत भाविकाने यंत्रणा बसवली. माल असो की माणूस, प्रत्येकाला नंबर. दोन दिवस जागचा हलला नाही, की मोबाइलवर लाल ठिपका. लाल म्हणजे अडून पडलेला, ताबडतोब उचलायचा. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून पहिला नंबर तिने स्वतःलाच दिला.

ऑर्डरचे बोंबील किनाऱ्यावर दोरांना लटकले. तिसऱ्या सकाळी भाविका कोळगावला एका बैठकीत यंत्रणा दाखवत होती. पडद्यावर बोंबील एकामागून एक लाल झाले, आणि मावशीचा फोन आला.

"बाय, सगलं लाल झालं हाय."

"लाल झालं की काय करायचं, शिकवलंय ना?"

"पन बाय, बोंबील अजून..."

"मावशी, डोकं चालवायचं नाही."

मावशीने नाही चालवलं. तासाभरात पडदा हिरवागार झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाविका नम्रपणे हसली. जागेवर लटकून वाळणं हेच बोंबलाचं काम, एवढंच यंत्रणेला सांगायचं राहिलं होतं.

संध्याकाळी टेम्पोवाला रामकिसन फोनवर म्हणाला, "मॅडम, गाडी से पानी टपक रहा है. सेठ बोलते हैं, अभी जिंदा है, समुंदर में छोड़ दो."

ऑर्डर गेली. अर्धओला माल सुरूच्या बनात पुरला, तरी वास गावभर फिरला. हिरामावशीने रिकामे दोर गुंडाळून ठेवले, आणि तेच भाविकाला जास्त लागलं. कचेरीमागच्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. डबा आला, तसाच परत गेला.

तिसऱ्या सकाळी दारात मावशी उभी, हातात मोबाइल.

"रागावू नका, बाय," ती हळूच म्हणाली. "एक नंबर लाल झाला हाय."

भाविका उठून बसली. बाहेर रामकिसनने टेम्पो चालू करून ठेवला होता.