पृथ्वी जागेवर आहे

विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत जिन्यापाशी एक फळा आहे. त्यावर पाण्याच्या वेळा असतात आणि त्यांच्याखाली रोज सकाळी खडूने एक ओळ उमटते : ‘सूर्य सहा चाळीसला आला. पृथ्वी जागेवर आहे. काळजी नसावी.’

ही ओळ लिहिणारे भास्करराव लोंढे माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. नाव सूर्याचं, पण सगळा पक्षपात पृथ्वीच्या बाजूने. जन्मभर कारखान्यात लेथ चालवून निवृत्त झालेला हा माणूस गेली चार वर्षं भेटेल त्याला सांगतो, की विश्वाच्या मधोमध पृथ्वी आहे आणि बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. दूध आणायला उतरावं आणि ती ओळ वाचावी, की माझंही डोकं फिरायचं.

“सिद्ध करा!” हा त्यांचा लाडका शब्द.

“बाई, लेथवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरतो, हत्यार स्थिर. मिलिंग मशीनवर हत्यार फिरतं, जॉब स्थिर. कीस दोन्हीकडे पडतो. नुसता कीस बघून सांगा, कोण फिरलं?”

एकदा मी पृथ्वीचा गोल आणि टॉर्च घेऊन गेले. गोल फिरवून दिवस-रात्र दाखवली. त्यांनी शांतपणे गोल थांबवला आणि टॉर्च त्याच्याभोवती फिरवला. “झाली की रात्र! आणि सेल बदला, मंद झालेत.”

हे फार लागलं मला. मग मी शेवटचं अस्त्र काढलं. उंचावरून लांब तारेने जड वजन टांगायचं आणि झोका द्यायचा. तासाभरात झोक्याची दिशा बदललेली दिसते, कारण खालची जमीन फिरलेली असते. तार आणली, वजन म्हणून घरातला वरवंटा घेतला. जिन्याच्या पोकळीत टांगायला अध्यक्षांनी परवानगी दिली, “खाली उभं कोण राहणार, तेवढं लिहून द्या,” या अटीवर.

रविवारी सकाळी मी वरवंटा घेऊनच भास्कररावांना बोलवायला गेले. ते चहा टाकत होते. नेहमीचा तोरा नव्हता. “लंबकाचं वाचलंय मी, बाई,” ते हळूच म्हणाले. “त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.”

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तेवढ्यात हॉलमधून त्यांच्या पत्नीने, वहिनींनी, मला हाक मारली. पक्षाघातानंतर चार वर्षं त्या अंथरुणावर आहेत. त्यांची कॉट भिंतीला लावलेली नाही, हॉलच्या बरोबर मधोमध आहे. मी आजवर ती गैरसोय समजत होते.

“बाई, आज जिंकू नका,” त्या कुजबुजल्या. “मी आजारी पडले तेव्हा रोज रडायचे. सगळं जग फिरतंय आणि मी एकटीच खिळलेय म्हणायचे. तर हे म्हणाले, खिळलेली नाहीस, मधोमध आहेस. फिरायचं काम आमचं. तेव्हापासून सगळ्यांशी भांडताहेत.”

“आणि तुम्हाला ते पटलं?”

“अहो, बी.एस्सी. आहे मी,” वहिनी हसल्या. “पण मला पटलंय असं त्यांना वाटतं. ते मोडू नका.”

मी वरवंटा कॉटखाली सरकवला. भास्करराव चहा घेऊन आले, कॉटला वळसा घालून त्यांनी वहिनींची उशी उंच केली, दुसऱ्या बाजूने येऊन पडदा सारला.

“अहो, बाई आल्यात. नाव घ्या की,” वहिनी म्हणाल्या.

ते लग्नातल्यासारखे लाजले. मग घसा खाकरून म्हणाले,

“पुस्तकातला सूर्य बसलाय ठाण मांडून,
वसुधेभोवती भास्कर फिरतो, बघू कोण येतं भांडून!”

वहिनींचं नाव वसुधा आहे, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

वरवंटा मी घरी नेला आणि चटणी वाटली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ओळ होती : ‘सूर्य सहा एकेचाळीसला आला. पृथ्वी जागेवर आहे. काळजी नसावी.’ घरून आणलेल्या लाल खडूने मी त्याखाली लिहिलं, ‘तपासले. बरोबर आहे,’ आणि सही केली.