हातात कप असताना

माणसाला सुव्यवस्था लागते, आणि सुव्यवस्थेसाठी एकाने बोलावे व बाकीच्यांनी शांतपणे चहा घ्यावा, यापरती सोपी रीत नाही. त्या चारमजली इमारतीला हे कुणी शिकवावे लागले नाही.

अध्यक्षपदाला पाच जण उभे होते. त्यांतले चार सज्जन. चौघांचे म्हणणे एकच होते. म्हणूनच माघार कुणी घ्यायची ते ठरेना. चाळीसपैकी एकोणतीस मते त्यांनी आपसांत गुण्यागोविंदाने वाटून घेतली. पाचव्याला अकरा पडली. सर्वांत जास्त मते त्याची, म्हणून नियमाप्रमाणे सगळी इमारत त्याची. "लिफ्ट मी चालू करतो," एवढेच तो म्हणाला होता.

निवडून येताच अध्यक्षांनी खजिनदार, हिशेबतपासनीस आणि तक्रार निवारण अधिकारी ही पदेही स्वतःच्या खांद्यावर घेतली. (सोय झाली. अध्यक्षांविरुद्धची तक्रार थेट अध्यक्षांनाच मिळू लागली. पूर्वी ती जिने चढत बसे.) मग मतदान सुटसुटीत केले. विरोध असेल त्यानेच हात वर करायचा, बाकी सगळे होकार. आणि मतदान चहा आल्यावर. एका हातात कप, दुसऱ्यात बिस्किट. ठराव एकमताने होऊ लागले.

पुढच्या निवडणुका रद्द करण्याच्या ठरावाला तेवढा निवृत्त मास्तरांनी हात वर केला. पुढच्या सभेला त्यांची खुर्ची मांडली नाही. तळमजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींना ती सभा चांगली आठवते. त्यांनी नुकतेच बिस्किट बुडवले होते, आणि बुडवलेले बिस्किट कुणासाठी थांबत नाही.

लिफ्ट काही चालेना. रीतसर चौकशी झाली. तळमजल्याचे लोक लिफ्ट वापरत नाहीत, सबब त्यांना तिच्याबद्दल आपुलकी नाही, आणि आपुलकीअभावी ती बंद आहे, असे निष्पन्न झाले. उपाय म्हणून मावशींचे शिलाई मशीन जप्त करण्याचा ठराव आला.

"अहो, पोटावर पाय देताय माझ्या," मावशी म्हणाल्या. "मशीन गेलं तर आम्ही मायलेकींनी खायचं काय?"

"मावशी, हरकत असेल तर हात वर करा की," अध्यक्ष मायेने म्हणाले. "आपल्याकडे जबरदस्ती नाही."

मावशींनी कप खाली ठेवला आणि हात वर केला. मग तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे पाहिले. त्यांच्या मुलांचे गणवेश याच मशीनवर शिवले होते.

"वहिनी, तुम्ही तरी."

"करते हो. एवढा घोट होऊ दे, फार गरम आहे."

घोट होईपर्यंत ठराव झाला.

मशीन अध्यक्षांच्या घरी गेले. जिन्यावरून, कारण लिफ्ट बंद होती. हल्ली सभेत दोन खुर्च्या कमी असतात, पण चहा तेवढाच येतो, त्यामुळे उरलेल्यांना जरा जास्त मिळतो.

या सगळ्याला कुणाची हरकत असल्यास हात वर करावा, असे इतिवृत्ताखाली छापलेले असते. तुम्ही इथवर वाचत आलात. हातात पुस्तक होते, हे मान्य आहे.

होकार नोंदवला आहे.