भरमाण्णाची जट

आमच्या शेजारचा भरमाण्णा पिंपळाखाली हजामतीला बसायचा तो स्वतःचं जुनं धोतर अंगाखाली अंथरून. एक केस मातीत पडू द्यायचा नाही. हजामत झाली की धोतर तसंच गुंडाळून घरी न्यायचा, केस वेचायचा, त्यावर तीनदा थुंकायचा आणि भिंतीच्या फटीत कोंबायचा. न्हावी वैतागायचा, "भरमाण्णा, तुझं डोस्कं हाय का सोनाराचं दुकान रं?"

भरमाण्णा हसायचा नाही. "क्यास म्हंजे माणूसच. पडला म्हून मेला न्हाय."

हे त्याचं पालुपद. एका लग्नात आमटीत लांब केस निघाला. दुसरा कोणी गुपचूप बाजूला टाकता. हा केस वर धरून उभाच राहिला. "कुणाचा हाय? मालकिणीनं यावं आन घिऊन जावं!" पंगत थांबली. वाढणाऱ्या बायांची डोकी न्याहाळत न्याहाळत त्यानं तो नवरीच्या आत्याच्या हातावर ठेवला. "आक्का, असं सांडत हिंडू नगासा." आत्या रडायच्या बेतात, आणि आम्ही पोटं धरून.

पण त्याच्या दारावरून जाताना कोणी हसत नव्हतं. वारं सुटलं की त्याच्या भिंतीतले केस गवतागत हलायचे. घरात बाई नाही, मूल नाही. तरी तिन्हीसांजेला आतनं आवाज यायचा, "तंगी, त्याल लावू का गं?" तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. मग जरा शांत, आणि उत्तर ऐकल्यागत तो म्हणायचा, "बरं, बरं." मी दोनच यत्ता शिकलेला माणूस, पण भुताखेतावर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. कानानं ऐकलं ते लिहितो.

जर्मन लढाईच्या आधी माझ्या धाकट्या बहिणीच्या, गंगूच्या, केसांत जट आली. केसांचा गुंता फणीला सुटेना, त्याची दोरी झाली, की आमच्याकडं ती देवीची हाक. पोरगी डोंगरावरच्या यल्लम्माला सोडायची. मग तिला नवरा नाही, घर नाही. जट कापली तर सगळ्या घराण्याचा नाश. संकेश्वरच्या पाव्हण्यांनी सोयरीक मोडली. मी कात्री घेऊन उठलो तर आईनं माझे पाय धरले. माझे! पोटच्या पोराचे!

एवढ्यात भरमाण्णा दारात. भर दुपार होती. "वैनी, पोरीला घटकाभर माझ्याकडं द्या."

आईला वाटलं, अंगारा लावील. त्याच्या घराचं दार लागलं, आम्ही बाहेर उभे. आत भरमाण्णा काहीतरी पुटपुटला. मग शांत. मग "बरं, बरं." आणि कात्रीचा आवाज.

दार उघडलं तर गंगूच्या डोक्याला फडकं, आणि मागं भरमाण्णा. गंगूची जट त्याच्या कपाळावरून छातीवर लोंबत होती.

"यल्लम्माआईनं जागा बदलली. आता पोरीवर न्हाय, माझ्यावर बसलीया. ज्याला खोटं वाटतंय त्यानं वढून बघावं!"

कुणाची छाती होती ओढायची?

गंगू खानापूरला नांदायला गेली. भरमाण्णा परत पिंपळाखाली बसला नाही. पोरं चिडवायची, "भरमाक्का, येणी घालू का?" हा त्यांच्या कपाळाला भंडारा लावायचा आणि म्हणायचा, "क्यास सांभाळा रं."

तो गेला तेव्हा शेवटची अंघोळ मीच घातली. जट त्याच्या केसांना काळ्या दोऱ्यानं बांधलेली निघाली. दोरा कधीच कुजला होता. पण जट पडली नव्हती. गंगूचे केस कुठं संपले आणि त्याचे कुठं सुरू झाले, माझ्या हाताला कळेना. तशीच जाऊ दिली त्याच्याबरोबर.

गंगू आली होती. ती तेव्हा पहिल्यांदा मला बोलली. "आण्णा, कात्री उचलली आन भिंतीला इचारलं त्यानं, 'तंगी, कापू का गं?' मला म्हणला, 'माझ्या तंगीला डोंगरावर नेली तवा मला धीर झाला न्हाय.'"

दुसऱ्या दिवशी मी त्याचं घर झाडायला गेलो. भिंतीच्या एका फटीत बोटं घातली. आत गुंतवळ होती, बायका विंचरून काढतात तसा केसांचा गोळा. एका लहान पोरीचे केस, मऊ, काळेभोर.

दोन महिने भरमाण्णा अंथरुणातून उठला नव्हता. गुंतवळीचं तेल ओलं होतं.

मी ती होती तिथं परत ठेवली. भिंतीकडं कान दिला. मग म्हणालो, "बरं, बरं."